‘श्री.’ नावाचा हुकूम

औंढ्याच्या तहसील कचेरीतला शिपाई ज्यांना लांबूनच नमस्कार घालतो आणि शिरड शहापूरच्या स्टँडवर ज्यांना पळत येताना पाहून कंडक्टर घंटी मारायचा थांबतो, त्या सोमेश्वरराव पतंग्यांना त्यांच्याच घरातल्या, त्यांनी स्वतः आणलेल्या लॅपटॉपनं एका रविवारी सकाळी ओळखायला साफ नकार दिला.

"काय म्हणून राहिला त्यो?" सोमेश्वररावांनी बाजेवरूनच विचारलं.

प्रतिक्षा, त्यांची मुलगी, ओसरीत भिंतीला टेकून लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. तिनं पडद्यावरची इंग्रजी ओळ पुन्हा एकदा वाचली आणि कपाळाला हात लावला. "बाबा, त्यो म्हणतंय, 'श्री' नावाचा कोणताच हुकूम मला ठाऊक न्हाई. 'श्री' नावाचा कोणता प्रोग्राम बी ठाऊक न्हाई."

"श्री ठाऊक न्हाई?"

"न्हाई."

"अन् सोमेश्वर?"

"तिथपर्यंत त्यो आलाच न्हाई."

सोमेश्वरराव उठून बसले. दुसरा कोणी असता तर त्याला राग आला असता. त्यांना राग थोडा आला, पण उत्सुकता जास्त वाटली. त्यांचा स्वभावच तसा होता. एखादी वस्तू चालत नसली की ती का चालत नाही हे कळल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे, आणि चालत असली तर ती का चालते हे बघायला ते ती उघडत. घरातला मिक्सर त्यांनी असाच उघडून पुन्हा बंद केला, तेव्हा एक स्क्रू उरला होता. मिक्सर चालत होता, त्या अर्थी तो स्क्रू मुळातच जास्तीचा होता असं त्यांचं मत होतं.

लॅपटॉप हिंगोलीच्या हरिचंदच्या दुकानातून आणलेला, वापरलेला पण चांगला. प्रतिक्षानं बीसीएला नाव घातलं त्या वर्षी घेतला होता. "नाव काय टाकू?" असं हरिचंदनं विचारलं, तेव्हा सोमेश्वररावांनी घसा साफ करून "श्री. सोमेश्वर ग्यानबा पतंगे, माजी उपसरपंच" असं सांगितलं होतं, आणि मराठीतच टाक असंही बजावलं होतं. एवढं नाव त्यात मावेना. आधी उपसरपंच गेले, मग ग्यानबा गेले, आणि शेवटी ‘श्री. सोमेश्वर पतंगे’ एवढं कसंबसं बसलं. तेव्हापासून लॅपटॉप उघडला की दारावरच्या पाटीसारखं ते नाव झळकायचं. प्रतिक्षा त्याच नावाखाली अभ्यास करून बीसीए झाली आणि कोणाला कसलीही तकलीफ झाली नाही.

आता मात्र पुण्याच्या एका कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं होतं. बोलावलं म्हणजे घरीच बसायचं होतं. सोमवारी अकरा वाजता लॅपटॉपसमोर बसून, त्यांना पडदा दाखवत, ते सांगतील तो प्रोग्राम लिहायचा. त्यासाठी कोणतं साधन आधी बसवून ठेवायचं हेही त्यांनी कळवलं होतं. ते साधन शनिवारपासून बसत नव्हतं. नोकरी घरून करायची होती. ती लागली नाही तर प्रतिक्षाला नांदेडला मावशीकडे राहून एका दुकानात बिलं करायचं काम धरावं लागणार होतं, आणि त्या विषयावर घरात कोणी बोलत नव्हतं.

"पन श्रीच काहून?" सोमेश्वरराव बाज ओढत तिच्याजवळ आले. "फुडं सोमेश्वर हाय, पतंगे हाय. फुडचं वाचायला काय झालं त्याला?"

"श्रीच्या फुडं जागा सुटली ना बाबा. रिकामी जागा आली का त्याला वाटतंय, सरलं नाव. मंग त्यो तेवढाच तुकडा घिऊन हुडकत बसतंय."

"दोन शबुदाच्या मधी जागा सोडावीच लागती की! न सोडून काय करावं? मंग त्याला सांग, म्हणाव दम धर, नाव अजून बाकी हाय."

"तसं सांगता येतंय. नाव अवतरणचिन्हात घातलं का त्यो पूर्ण वाचतंय. पन हे साधन ज्यानं लिहिलं त्यानं ते घातलं न्हाई. त्याला वाटलं असंल, नावात कोण कशाला जागा सोडंल?"

"कोण हाय त्यो?"

"असंल कोणी अमेरिकेतला. काय माहीत, जॉन."

"जॉनला कशाला लागंल जागा!" सोमेश्वरराव म्हणाले. मग ते पडद्यावर वाकले. "अन् ह्या चौकटी कशाच्या?"

प्रतिक्षा जरा घुटमळली. "ते तुमचं नाव हाय. ह्या काळ्या खिडकीला मराठी अक्षरं दिसत न्हाईत. जे दिसत न्हाई तिथं ती चौकट काढती."

आपलं नाव चौकटींत कसं दिसतं ते सोमेश्वरराव बराच वेळ पाहत राहिले. सातबाऱ्यावर त्यांचं नाव एकदा चुकून ‘सोमेसर’ झालं होतं. पण चौकट कधी झालं नव्हतं.

वडिलांचा चेहरा पाहून प्रतिक्षानं दुसरी खिडकी उघडली आणि त्यात ‘नाव’ असं मराठीत लिहिलं, पुढं बरोबरचं चिन्ह काढलं आणि त्यापुढं ‘सोमेश्वर’; खाली, नाव सोमेश्वर असेल तर ते छाप, अशा आणखी दोन ओळी. प्रोग्राम चालवला तर खाली स्वच्छ मराठीत ‘सोमेश्वर’ उमटलं.

"हे बगा. प्रोग्राम लिहायच्या भाषेला, पायथनला, तुमचं नाव चालतंय. फकस्त ते बसवायच्या साधनाला चालत न्हाई."

"म्हंजी घरात चालतंय, दारात चालत न्हाई."

"तसंच काहीतरी."

"अन् ह्या शेवटच्या ओळीच्या मागं तू एवढी जागा काहून सोडली?"

"तिथं सोडावीच लागती. न्हाई सोडली तर एरर येतंय."

सोमेश्वररावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "नावात जागा सोडली तर चालत न्हाई, अन् ओळीमागं न्हाई सोडली तर चालत न्हाई?"

"व्हय."

"मंग जागा चालती का न्हाई चालत?"

"कुठं सोडली त्यावर हाय."

"लगनातल्या पंगतीवानी हाय ते," आतून अनुसयाबाई म्हणाल्या. त्या भाकरी थापत सगळं ऐकत होत्या. "व्याह्याच्या बाजूला जागा सुटली तरी राग, अन् नवरदेवाच्या बाजूला न्हाई सुटली तरी राग."

सोमेश्वररावांना ते पटलं. त्यांनी आणखी विचारलं. बरोबरचं चिन्ह एकदा काढलं तर काय आणि दोनदा काढलं तर काय, हे प्रतिक्षानं त्यांना सांगितलं. एकदा काढलं की तो हुकूम, म्हणजे नावाच्या जागी सोमेश्वर ठेव. दोनदा काढलं की तो सवाल, म्हणजे नाव सोमेश्वर आहे का बघ.

"म्हंजी एकदा ‘बराबर’ म्हणलं का करून टाकायचं, अन् ‘बराबर बराबर’ म्हणलं का अजून शंका हाय," सोमेश्वरराव म्हणाले. "आपल्या ग्रामसभेत असंच चालतंय."

जेवण करून प्रतिक्षा औंढ्याला निघाली. तिथं तिची मैत्रीण प्रियंका राहायची. तिच्या लॅपटॉपवर हेच साधन बसलं होतं, ते कसं बसलं हे समोरासमोर बघायचं होतं. जाताना तिनं दोनदा बजावलं, "बाबा, हात लावू नका."

सोमेश्वररावांनी हात लावला नाही. निदान एसटी दिसेनाशी होईपर्यंत तरी लावला नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की अडचण आपल्या नावाची आहे, तर ती आपणच सोडवावी. मुलीनं उन्हात औंढ्याला कशाला जायचं? ती येईपर्यंत नाव दुरुस्त करून ठेवलं तर तिलाही बरं वाटेल. त्यांनी लॅपटॉप उघडला, इकडं तिकडं दाबत नाव बदलायची जागा शोधून काढली आणि ‘श्री.’ काढून टाकला. काढताना जिवावर आलं, पण काढला. मग मधली जागा काढली. मग मराठीच काढली आणि इंग्रजीत एका दमात ‘Someshwar’ लिहिलं. पडद्यावर नवं नाव झळकलं.

त्यांनी सकाळची ती काळी खिडकी उघडून पाहिली. प्रतिक्षानं चालवलेलीच ओळ पुन्हा चालवली. लॅपटॉप पुन्हा तेच म्हणाला, की श्री ठाऊक नाही. चौकटीही होत्या तशाच होत्या.

आता त्यांची उत्सुकता अनावर झाली. नाव बदललं तरी जुनं नाव याला सांगतंय कोण? त्यांनी हरिचंदला फोन लावला.

"अण्णा, ते वरचं नाव बदललं तुमी. पाटी बदलली," हरिचंद गिऱ्हाईक करता करता म्हणाला. "आतमधी तुमच्या नावाचा फोल्डर हाय, त्यो जुन्याच नावाचा राहतंय."

"मंग त्याचं बी बदलतो."

"तुमी आत बसलेले असताना त्यो बदलू देत न्हाई. आधी दुसरं एक खातं काढा, त्यातून आत जा, अन् मंग बाहेरून ह्याचं नाव बदला."

सोमेश्वररावांनी तसंच केलं. फोन कानाला लावून, घाम पुसत, हरिचंद सांगेल ते दाबत त्यांनी ‘dusra’ नावाचं खातं काढलं, त्यातून आत शिरले, आपला फोल्डर शोधला आणि त्याचं नाव बदललं. या वेळी लॅपटॉपनं काही कुरकुर केली नाही. त्यांनी लॅपटॉप बंद केला, चालू केला आणि मोठ्या आशेनं स्वतःच्या खात्यात शिरले.

आत काहीच नव्हतं.

मागं औंढ्याच्या देवळाचा फोटो असायचा, तो गेला. प्रतिक्षाचे फोल्डर गेले. मराठी लिहायची सोय गेली. पडदा निळा आणि कोरा होता, आणि कोपऱ्यात एक ओळ आली होती की तुमच्या खात्यात शिरता आलं नाही, तूर्त तात्पुरतं खातं दिलं आहे. सकाळी लॅपटॉप त्यांचा ‘श्री’ ओळखत नव्हता. आता त्यांना आख्खंच ओळखेना.

"हरिचंद," सोमेश्वररावांचा आवाज बारीक झाला, "समदं गेलं की रे."

पलीकडं हरिचंदनं गिऱ्हाईक थांबवलं. "अण्णा, आणखी एका ठिकाणी बी बदलावं लागतंय. ते सांगायचं राहिलं."

प्रतिक्षा चारच्या एसटीनं परतली. अडचणीचं मूळ नावातच आहे याची प्रियंकाच्या घरी तिची खात्री झाली होती. ते साधन प्रियंकाकडं काही खटपट न करता बसलं होतं, कारण तिच्या लॅपटॉपचं नाव नुसतं ‘priya’ होतं. उत्साहात ती ओसरीत शिरली आणि बापाचा चेहरा पाहून थबकली. सोमेश्वरराव बाजेच्या अगदी काठावर बसले होते. लॅपटॉप त्यांनी टॉवेलानं झाकून ठेवला होता.

"बाबा, काय केलं?"

"मी फकस्त पाटी बदलली," ते म्हणाले, आणि मग सगळं सांगितलं.

प्रतिक्षा ओरडली नाही. ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिनं टॉवेल काढला आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. बराच वेळ ओसरीत फक्त बटणांचा आवाज येत राहिला. अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली होती. अनुसयाबाई ती खालीवर करत होत्या, आणि अधूनमधून हात थांबवून आत बघत होत्या.

"हाय," शेवटी प्रतिक्षा म्हणाली.

"काय हाय?"

"समदं हाय. तुमी फोल्डरचं नाव बदललं, म्हणून खात्याला त्यो सापडून नाही राहिला. ते जुन्याच नावानं हाका मारून राहिलं. कोणी ओ देईना, म्हणून त्यानं कोरा पडदा दिला."

सोमेश्वररावांनी श्वास सोडला. मग लगेच विचारलं, "म्हंजी त्यो जुनं नाव लक्षात ठेवतंय, अन् नवं कोणी सांगत न्हाई त्याला?"

"बाबा, आता नका इचारू."

"बरं."

तिनं ठरवलं की जुन्याच्या नादी लागायचं नाही. नवं खातं काढायचं, आपलं सामान तिकडं न्यायचं आणि जुनं खातं पुसून टाकायचं. नव्या खात्याच्या नावाची चौकट पडद्यावर आली. तीत काठी लुकलुकत होती. ती बापाकडं न बघता म्हणाली, "कोणतं नाव टाकू?"

"मी काय म्हणतो, ‘सोमेश्वरपतंगे’. समदं जोडून. इंग्रजीत. जागा नको, श्री नको."

प्रतिक्षाची बोटं हलली नाहीत.

"बाबा, हे लॅपटॉप कोणाचं हाय?"

"तुझं. इचारायचं काय त्यात?"

"तुमी कधी वापरता?"

"आज वापरलं तेवढंच."

"मंग माझं नाव टाकू का?"

सोमेश्वररावांनी पडद्यावरच्या रिकाम्या चौकटीकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच आली नव्हती. लॅपटॉप मुलीचा, अभ्यास मुलीचा, परीक्षा मुलीच्या, आणि वर पाटी त्यांची. हरिचंदनं नाव विचारलं तेव्हा मुलगी शेजारीच उभी होती, हेही त्यांना आत्ता आठवलं.

"टाक की," ते म्हणाले. "उलट आधीच टाकायला पाहिजे होतं." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "माझं पुरं पुसावं लागंल का?"

"पुरं. न्हाई तर पुन्हा गोंधळ करंल ते."

"पूस मंग."

दिवेलागणीपर्यंत ‘pratiksha’ नावाचं खातं तयार झालं, सामान तिकडं गेलं आणि ते साधन पहिल्या फटक्यात बसलं. प्रतिक्षानं दोन्ही हात वर केले. अनुसयाबाईंनी देवाला हात जोडले आणि भिंतीपलीकडून विचारणाऱ्या शकुबाईला आनंदानं सांगितलं, "झालं बाई एकदाचं! प्रतिक्षानं बापाचं नाव काढलं!"

अनुसयाबाईंना जे म्हणायचं होतं तेच त्या म्हणाल्या. पण शकुबाईला मराठी येत होती, आणि मराठीत बापाचं नाव काढणं याचा अर्थ काय होतो हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी प्रतिक्षा आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली. गावात फोनचं नेट खिडकीपाशीच नीट येतं, म्हणून सोमेश्वररावांचा मोबाइल खिडकीत ठेवला होता आणि त्याच्यावरून लॅपटॉपला नेट दिलं होतं. अकराला पाच मिनिटं होती. सोमेश्वरराव ओसरीत पहाऱ्याला बसले होते. तेवढ्यात फाटकातून शकुबाईचा नवरा जळबा आत आला. त्याच्या हातात हार होता. मागून आणखी पाचसहा माणसं, आणि त्यांच्याही मागून हलगी घेतलेला एक माणूस.

"सोमेश्वरराव! पोरीनं नाव काढलं म्हणं तुमचं!"

"काढलं बाबा," सोमेश्वरराव हळू आवाजात म्हणाले. गावात बातमी इतक्या लवकर पोचली याचं त्यांना नवल वाटलं. "पार मुळासकट काढलं."

"मुळासकट म्हंजी?"

"आता हुडकून सापडायचं न्हाई कुठं."

जळबानं हार जरा खाली केला. "तुमाला वाईट वाटून राहिलं का?"

"आधी वाटलं. मंग म्हणलं, आपल्या नावापायी पोरीला कशाला तकलीफ? मीच म्हणलं, काढून टाक."

"तुमीच म्हणले?"

"मंग! जागा चालत न्हवती म्हणं त्याला."

जळबाला काही कळलं नाही. पण हार आणला होता, म्हणून त्यानं तो घातला. "काही असो, नोकरी लागली ना पोरीला. पुण्याची कंपनी म्हंजी मजाक न्हाई."

हार गळ्यात पडला आणि त्याच क्षणी सोमेश्वररावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांना फाटकाबाहेर गल्ली दिसली. गल्लीतून आणखी माणसं येत होती. अंगणात हळद पसरली होती आणि माणसं तिच्या कडेकडेनं, एका पायावर तोल सांभाळत पुढं सरकत होती. फोन करून कोणाला थांबवावं म्हटलं तर फोन खिडकीत, लॅपटॉपला नेट देण्यात गुंतलेला. खरं सांगावं तर ते सांगेपर्यंत हलगी वाजणार. त्यांनी दोन्ही हात वर केले.

"गपा! गपा समदे! आत पुण्याचे साहेब लोक बोलून राहिले पोरीसंगं!"

याचा परिणाम ताबडतोब झाला. सगळा जमाव जागच्या जागी खाली बसला. हलगीवाल्यानं हलगी पोटाशी धरली. आणि मग पुण्याचे साहेब लोक काय बोलतात ते ऐकायला सगळ्यांचे कान आतल्या दाराकडं लागले. सोमेश्वररावही हार गळ्यात तसाच ठेवून दाराच्या फटीशी जाऊन बसले.

पलीकडं एक मॅडम होत्या. आवाज शांत होता. त्यांनी एक प्रोग्राम लिहायला सांगितला. प्रतिक्षानं तो भराभर लिहिला. त्यातला एक भाग तिच्या जुन्या फाइलीतून उचलला, बाकीचा हातानं लिहिला आणि चालवला. पडद्यावर लाल अक्षरं आली.

"एरर आला," प्रतिक्षा पुटपुटली.

"अरारारा," ओसरीतून आवाज आला.

प्रतिक्षानं ओळी तपासल्या. सगळ्या ओळी एकाखाली एक सरळ होत्या. मागं जागा सोडायची तिथं सोडली होती. तरी पुन्हा चालवलं तर पुन्हा लाल. सोमेश्वररावांना तिची पाठ दिसत होती, आणि ती ताठ झालेली दिसत होती. नांदेडचं दुकान त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. मग प्रतिक्षानं काहीतरी दाबलं आणि पडद्यावरच्या रिकाम्या जागा अचानक भरून गेल्या. काही ठिकाणी बारीक ठिपके आले, काही ठिकाणी लांब बाण.

"जुन्या फाइलीत टॅब आहेत आणि नवीन ओळींत स्पेस आहेत, मॅडम," ती म्हणाली. "दिसायला दोन्ही रिकामी जागाच दिसते. पण दोन्ही मिसळलेलं पायथनला चालत नाही."

"रिकाम्या जागेत बी दोन तऱ्हा असत्यात?" सोमेश्वररावांच्या तोंडून एकदम मोठ्यानं निघून गेलं.

मॅडमचा आवाज थांबला. "प्रतिक्षा, तुमच्याकडे कोणी आहे का?"

प्रतिक्षानं मागं वळून पाहिलं. दाराच्या फटीत बाप होता आणि त्याच्या गळ्यात झेंडूचा हार होता. बापाच्या डोक्यावर जळबाचं डोकं होतं, आणि जळबाच्या वर आणखी दोन डोकी. त्यापलीकडं काय आहे याचा तिला अंदाज आला. खोटं काही सुचेना.

"हो मॅडम. गाव आहे."

"गाव? कशासाठी?"

"मला नोकरी लागली म्हणून अभिनंदनाला आलंय."

"अच्छा? कुठे लागली?"

"तुमच्याकडे."

बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. नेट गेलं की काय म्हणून सोमेश्वररावांनी खिडकीतल्या मोबाइलकडं पाहिलं. मग कोणीतरी हसू दाबायचा प्रयत्न करतंय आणि ते जमत नाही, असा आवाज आला.

"आम्ही अजून ठरवलेलं नाही हो," मॅडम म्हणाल्या. "पण हे झालं कसं, ते मला सांगाच."

प्रतिक्षानं सांगितलं. श्रीपुढच्या जागेपासून सांगितलं. चौकटी सांगितल्या, पाटी आणि फोल्डर वेगळे असतात ते सांगितलं, फोल्डरचं नाव बदलल्यावर जुनं खातं कोणाला हाका मारत बसलं ते सांगितलं, आणि आईनं भिंतीवरून दिलेली बातमीही सांगितली. मॅडम मधूनच थांबवून विचारत होत्या. मग तुम्ही काय केलं? हाच उपाय का केला? दुसरा काय करता आला असता? प्रतिक्षा न अडखळता उत्तरं देत गेली, कारण आदल्या दिवशी दुपारी चारपासून दिवेलागणीपर्यंत तिनं दुसरं काही केलंच नव्हतं. ओसरीत कोणाला फारसं काही कळत नव्हतं, पण मुलगी बोलते आहे आणि पुण्याची बाई ऐकते आहे एवढं सगळ्यांना कळत होतं.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. आम्ही कळवू."

हे ‘कळवू’ जमावानं आपल्या पद्धतीनं ऐकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चहा झाला. सोमेश्वररावांनी जळबाला बाजूला घेऊन, नोकरी अजून लागलेली नाही, नाव काढलं म्हणजे निव्वळ पुसलं, असं समजवायचा दोनदा प्रयत्न केला. जळबा प्रत्येक वेळी "बराबर, बराबर" म्हणाला आणि दुसऱ्या कपाकडं वळला. जाताना सगळ्यांचे तळवे पिवळे झाले होते आणि गल्लीभर त्यांची पावलं उमटली होती.

पुढच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. नोकरी लागली होती. घरूनच काम, एक तारखेपासून. प्रतिक्षा फोन धरून नुसतीच उभी राहिली. अनुसयाबाई रडल्या. सोमेश्वररावांनी त्याच पावली औंढा गाठला, पेढे घेतले आणि परतल्यावर स्टँडपासूनच वाटायला सुरुवात केली.

"हे कशाचे?" पानटपरीवाल्यानं विचारलं.

"प्रतिक्षाला नोकरी लागली."

"ते तर झालं की मागंच," तो म्हणाला आणि पेढा घेऊन गिऱ्हाइकाकडं वळला.

पुढं हलगीवाला भेटला. तो म्हणाला, "अजून वाटूनच राहिले का पेढे?" शाळेपुढं शकुबाई भेटली. "आमी चहा पिऊन आलो न्हाई का त्या दिवशी? अनुसयाबाईला सांगा, साखर बराबर पडली होती," एवढं बोलून ती गेली. कोणी थांबेना. कोणाला नवल वाटेना. डबा जवळजवळ भरलेलाच राहिला.

जळबा घराच्या पायरीवर बसला होता. सोमेश्वररावांनी त्याच्यापुढं डबा धरला.

"प्रतिक्षाला नोकरी लागली जळबा."

"अवं लागली की! मी हार न्हाई का घातला?"

"तवा लागली न्हवती."

"मंग हार काहून घालून घेतला?"

सोमेश्वररावांनी डबा आणखी पुढं केला. जळबानं पेढा उचलला, अर्धा तोंडात टाकला आणि चघळत विचार करू लागला. मग त्याचे डोळे एकदम मोठे झाले.

"थांबा थांबा. म्हंजी ही दुसरी लागली का?"

सोमेश्वररावांनी डब्याकडं पाहिलं. मग सामसूम गल्लीकडं पाहिलं. आयुष्यात त्यांनी मुलीच्या बाबतीत कधी वाढवून काही सांगितलं नव्हतं.

"दुसरी," ते म्हणाले.

जळबानं उरलेला अर्धा पेढाही तोंडात कोंबला, चपला पायात सरकवल्या आणि "शकू, अगं कुठं हाईस? प्रतिक्षाला दुसरी लागली!" असं ओरडत तो गल्लीत पळाला. सोमेश्वरराव घाईघाईनं घरी आले.

"चहाचं आधण ठेव," ते अनुसयाबाईंना म्हणाले. "अन् हळद गोळा कर."